कोणती प्रत पाहिलीत? अभिजात आणि परदेशी चित्रपटांचा घरगुती संग्रह उभारताना

ज्ञानेश्वरीची प्रत हातात आली की जाणता वाचक आधी विचारतो, पाठ कोणता? एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच प्रश्नापोटी. मधल्या सुमारे तीनशे वर्षांत नकला उतरवणाऱ्यांच्या हातून शब्द बदलत गेले होते. चित्रपटाच्या बाबतीत हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ‘तो सिनेमा मी पाहिला आहे’ एवढे म्हटले की विषय संपतो. वास्तविक एकाच चित्रपटाच्या दोन डिस्क शेजारी शेजारी लावून पाहिल्या, तर लांबी वेगळी, रंग वेगळे, चौकट वेगळी आणि संवादांचे भाषांतरही वेगळे असे अनेकदा आढळते. संग्रह करणाऱ्याने शिकायचे ते मुख्यतः हेच, की आपल्या हातात चित्रपटाची नेमकी कोणती प्रत आहे. खरेदी, मांडणी, जपणूक आणि चर्चा या सगळ्यांत हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो, म्हणून पुढच्या पायऱ्या मी त्याच क्रमाने लावल्या आहेत.

स्ट्रीमिंगच्या काळात डिस्क कशाला, असे कोणी विचारेल, तर त्याचे उत्तरही याच प्रश्नात आहे. फिल्मस्ट्रक ही अभिजात चित्रपटांची सेवा अमेरिकेत नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद झाली आणि तिच्यावरचे चित्रपट प्रेक्षकांसमोरून एका दिवसात नाहीसे झाले. स्ट्रीमिंगवर आज दिसणारा चित्रपट उद्या जातो, आणि असतो तेव्हाही तो कोणत्या प्रिंटवरून घेतला आहे हे बहुधा कुठेच लिहिलेले नसते. चांगल्या डिस्कसोबत येणाऱ्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते.

आधी प्लेअर, मग डिस्क

नवखा संग्राहक हमखास उलट करतो. अमेरिकेत राहणारा भाऊ किंवा आतेबहीण सुट्टीला येताना बॅगेतून चार ब्लू-रे घेऊन येते, आपण कौतुकाने आवरण फोडतो, डिस्क आत सरकवतो आणि पडद्यावर एक कोरडी ओळ उमटते की ही डिस्क या विभागात चालणार नाही. माझ्या पहिल्या तीन ब्लू-रे अशाच वर्षभर कपाटात बसून होत्या. त्या विकणाऱ्याची यात काही चूक नव्हती, कारण मागच्या बाजूला षटकोनात ‘ए’ हे अक्षर स्पष्ट छापलेले होते; ते वाचायचे असते हे मला ठाऊक नव्हते.

डीव्हीडीसाठी जगाचे सहा मुख्य विभाग केलेले आहेत, आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर सहसा चालत नाही. अमेरिका आणि कॅनडा १, युरोप आणि जपान २, ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका ४, भारत ५ आणि चीन ६. आग्नेय आशिया ३ मध्ये येतो. ब्लू-रेचे विभाग तीनच आहेत: अमेरिका आणि जपान ‘ए’ मध्ये, युरोप आणि ऑस्ट्रेलिया ‘बी’ मध्ये आणि भारत ‘सी’ मध्ये. अडचण अशी की अभिजात चित्रपट काळजीने काढणारे जवळपास सगळे प्रकाशक ‘ए’ किंवा ‘बी’ मध्ये बसतात, त्यामुळे इथल्या दुकानातून घेतलेला साधा ब्लू-रे प्लेअर दोन्हीकडून परका ठरतो. सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर हा म्हणूनच संग्रहातला पहिला खर्च समजावा. डीव्हीडीचे कुलूप अनेक प्लेअरमध्ये रिमोटवरून एक आकडी संकेत दाबून निघते. ब्लू-रेचे मात्र सहसा तसे निघत नाही, त्यासाठी आतल्या भागांत बदल केलेला प्लेअर घ्यावा लागतो. घेताना तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो का हे विचारून घ्यावे, नाहीतर अमेरिकेहून आलेला ११० व्होल्टचा प्लेअर पहिल्याच संध्याकाळी धूर काढील. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा जो निवडाल तो कायमचा राहतो.

४के, म्हणजे ब्लू-रेहून अधिक बारकावे दाखवणाऱ्या, डिस्कला विभागाचे कुलूप नाही, ही मोठी सोय आहे. तिच्यातही एक खोच आहे. अनेक ४के संचांत चित्रपट ४के डिस्कवर असतो आणि मुलाखती, माहितीपट वगैरे पुरवणी सोबतच्या साध्या ब्लू-रेवर असते, आणि त्या ब्लू-रेला कुलूप असू शकते. म्हणजे जेवण मिळते, पण लोणचे-पापड कुलपात राहतात. बाकी ४केचा फरक जाणवण्यासाठी पडदा पुरेसा मोठा हवा; माझ्या मते पन्नास इंचांच्या खाली त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही, आणि पैसे मोजकेच असतील तर ते चांगल्या ब्लू-रेवर घालावेत.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट म्हणजे प्लेअर बनवणाऱ्या कंपन्या कमी होत आहेत. ओप्पोने २०१८ मध्ये आणि सॅमसंगने २०१९ मध्ये हे काम सोडले. चांगला प्लेअर मिळाला की तो सांभाळावा, त्याला धुळीपासून जपावे आणि टीव्हीच्या मागच्या कोंदट कप्प्यात कोंबू नये.

आवरणाची मागची बाजू वाचायला शिकावे

डिस्कच्या आवरणावर मागे तळाशी जो बारीक मजकूर असतो तो भिंग घेऊन का होईना, पण वाचावा. त्यात तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली गोष्ट लांबी. पाल या टीव्हीच्या जुन्या पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २५ चौकटी असतात, तर चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झालेला असतो. त्यामुळे पाल डीव्हीडीवर बहुतेक चित्रपट सुमारे चार टक्के वेगाने पळतो: १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो, आणि आवाजाची पट्टीही किंचित चढते. गाण्याचा कान असलेल्याला तो फरक कळतो. युरोपातल्या आणि इथल्याही अनेक डीव्हीडी पालमध्ये निघत, म्हणून लांबी चार-पाच मिनिटांनी कमी दिसली की लगेच ‘कापलाय’ असे म्हणू नये, आधी हा हिशेब करून पाहावा. हिशेबानंतरही दहा मिनिटे कमी पडत असतील, तर मात्र कात्री चालली आहे. ब्लू-रेवर चित्रपट सहसा मूळ २४ चौकटींच्याच वेगाने असतो.

दुसरी गोष्ट चौकटीचे प्रमाण, म्हणजे रुंदी आणि उंची यांचे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे बहुतेक बोलपट १.३७:१ या जवळपास चौकोनी चौकटीत आहेत, आणि आपला टीव्ही १.७८:१ आहे. अशा चित्रपटाच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसलेच पाहिजेत. ते दिसत नसतील, तर एकतर माणसे रुंद झाली आहेत किंवा वरून डोकी आणि खालून हात छाटले गेले आहेत. इथल्या अनेक जुन्या डीव्हीडींवर हाच प्रकार आहे, शिवाय कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह चित्रपटभर चिकटलेले असते. कधीकधी मूळ प्रमाण कोणते याबद्दल अभ्यासकांमध्येच मतभेद असतात. ‘ऑन द वॉटरफ्रंट’ हा १९५४ चा चित्रपट नेमका चौकोनी पडद्याकडून रुंद पडद्याकडे जाण्याच्या काळातला, म्हणून क्रायटेरियन या प्रकाशकाने तो १.३३, १.६६ आणि १.८५ अशा तिन्ही प्रमाणांत एकाच संचात दिला. पाठभेद तळटीपेत देण्यासारखेच हे काम आहे.

तिसरी गोष्ट, प्रत कशावरून घेतली. इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळा संग्रह याच गोष्टीवर उभा राहतो.

कॅमेऱ्यातून जी फिल्म जाते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून मास्टर पॉझिटिव्ह काढतात, त्यावरून दुय्यम निगेटिव्ह आणि त्यावरून थिएटरला जाणाऱ्या प्रिंट. पोथीची नक्कल, तिची नक्कल आणि पुन्हा तिची नक्कल, असाच हा उतार आहे, आणि प्रत्येक पायरीला बारकावे थोडे झिजतात. म्हणून चांगल्या डिस्कच्या पुस्तिकेत ‘मूळ निगेटिव्हवरून स्कॅन’ असे लिहिलेले असते तेव्हा ती जाहिरात नसते, वंशावळ असते. पण मूळ निगेटिव्ह नेहमी हाताशी असतेच असे नाही. जपानी दिग्दर्शक ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’ची मूळ निगेटिव्ह प्रयोगशाळेतल्या आगीत गेली, त्यामुळे आज आपण पाहतो ती कोणतीही प्रत खालच्या पायरीवरून घेतलेली आहे. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीची कहाणी आपल्याला अधिक जवळची आहे. तिच्या मूळ निगेटिव्ह कोलकात्याहून लंडनला नेल्या होत्या आणि १९९३ मध्ये तिथल्या प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. जळकी, चिकटलेली, ठिसूळ रिळे अमेरिकेच्या अकॅडमी फिल्म आर्काइव्हने फेकून न देता ठेवली. वीस वर्षांनंतर इटलीतल्या बोलोन्या शहरात लिमाजिने रित्रोवाता या प्रयोगशाळेत त्यांना पुन्हा ओलावा देऊन, हाताने सोलून, जेवढा भाग वाचला तेवढा स्कॅन केला गेला आणि उरलेला भाग इतर संग्रहांतल्या प्रतींवरून भरला गेला. क्रायटेरियनने तो संच २०१५ मध्ये काढला. ‘पथेर पांचाली’ जुन्या इथल्या डीव्हीडीवर पाहून ‘फोटोग्राफी अंधुक आहे’ असे ज्याने मत बनवले असेल, त्याने ते या संचानंतर पुन्हा तपासावे. अंधुक होती ती प्रत.

मूकपटांच्या बाबतीत तर प्रश्न आणखी टोकाचा आहे. ‘मेट्रोपोलिस’ जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला झळकला, त्यानंतर काही महिन्यांतच त्याचा मोठा भाग कापला गेला आणि पुढची आठ दशके जगाने कापलेलाच चित्रपट पाहिला. २००८ मध्ये ब्वेनोस आइरेसमधल्या संग्रहालयात १६ मिलिमीटरची जवळजवळ पूर्ण प्रत सापडली आणि २०१० मध्ये ती जोडून नवी आवृत्ती झाली. सापडलेले तुकडे ओरखड्यांनी भरलेले आहेत आणि चौकटही थोडी लहान आहे. ते पडद्यावर आले की लगेच ओळखू येतात, आणि मला ते तसेच ठेवले याचा आनंद आहे. पण २०१० पूर्वीची डीव्हीडी घेतलीत, तर ते प्रसंग तिच्यात नसतील. डॅनिश दिग्दर्शक ड्रायरच्या ‘पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ची मूळ स्वरूपातली प्रिंट १९८१ मध्ये ओस्लोजवळच्या मनोरुग्णालयात सापडली, आणि इंग्लंडच्या मास्टर्स ऑफ सिनेमाने तो चित्रपट सेकंदाला २० चौकटी आणि २४ चौकटी अशा दोन वेगांनी दिला. दोन्ही पाहून बघा; हळू चालीत चेहरे अधिक वेळ आपल्याकडे पाहतात आणि खटल्याचा ताणच बदलतो.

काय घ्यावे, कुठून घ्यावे

सुरुवातीला ‘जगातले शंभर श्रेष्ठ’ अशी यादी घेऊन बाजारात उतरू नये. पैसे संपतात आणि डोक्यात काही साचत नाही. त्याऐवजी एक लहान प्रदेश निवडावा: पन्नाशीच्या दशकातले जपानी कौटुंबिक चित्रपट, किंवा साठच्या दशकातले चेकोस्लोव्हाकियातले चित्रपट, किंवा एकच दिग्दर्शक. आठ-दहा डिस्क एकमेकींशी बोलू लागल्या की अकरावी कोणती घ्यायची हे त्याच सांगतात.

प्रकाशकांच्या सवयी ओळखून घेतल्या की काम सोपे होते. अमेरिकेची क्रायटेरियन १९८४ पासून, म्हणजे डीव्हीडीआधीच्या लेझरडिस्कच्या काळापासून, हे काम करते. ‘किंग काँग’च्या त्यांच्या लेझरडिस्कवरच चित्रपटासोबत ऐकायचे अभ्यासकाचे निवेदन प्रथम आले. त्यांच्या अमेरिकी ब्लू-रे सहसा ‘ए’ आणि २०१६ पासून इंग्लंडमध्ये निघणाऱ्या ‘बी’ विभागातल्या असतात. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्टने जपलेल्या चित्रपटांचे त्यांचे संच मी नवख्याला आवर्जून सुचवतो: सेनेगल, तुर्कस्तान, मेक्सिको, बांगलादेश अशा देशांचे, एरवी हाती न लागणारे चित्रपट एकाच पेटीत मिळतात. ऋत्विक घटक यांचा ‘तिताश एकटि नदीर नाम’ त्यातल्या पहिल्याच संचात आहे. इंग्लंडमध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, मास्टर्स ऑफ सिनेमा आणि अ‍ॅरो ही नावे लक्षात ठेवावीत, आणि मध्य व पूर्व युरोपासाठी सेकंड रन. हा छोटा प्रकाशक आहे, त्याच्या डिस्क बहुधा विभागमुक्त असतात, आणि चेक व हंगेरियन चित्रपट इतक्या निष्ठेने दुसरे फार कोणी काढत नाही.

नवी डिस्क मागवताना अंगावर येतो तो टपालखर्च आणि सीमाशुल्क. इंग्लंडमधल्या दुकानाकडून भारतात मागवताना तिथला वीस टक्के मूल्यवर्धित कर किमतीतून वजा होतो का हे पैसे भरण्याच्या पानावर पाहावे. अनेक दुकाने तो वजा करतात आणि टपालाचा बराच खर्च त्यातून निघतो. अमेरिकेत बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या दुकानसाखळीत जुलै आणि नोव्हेंबरमध्ये क्रायटेरियनच्या डिस्क अर्ध्या किमतीत मिळत आल्या आहेत, तेव्हा नातेवाइकांना यादी जूनमध्येच पाठवावी. यादीत चित्रपटाच्या नावापुढे प्रकाशक आणि विभाग लिहायला विसरू नये, कारण भाऊ मोठ्या प्रेमाने भलतीच आवृत्ती उचलतो आणि मग त्याला काही बोलताही येत नाही.

जुन्या डिस्कचा शोध हा वेगळाच छंद आहे. मुंबईत काळा घोड्याजवळचे ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाले आणि उभे राहून आवरणे चाळण्याची एक जागा गेली. तरी चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, फोर्टच्या पदपथांवर आणि रद्दीच्या दुकानांत अजून बरेच काही मिळते. पॅलाडोर आणि एनडीटीव्ही लुमिएरने इथे काढलेले परदेशी चित्रपट आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) ‘सिनेमाज ऑफ इंडिया’ मालिकेतले आपले समांतर चित्रपट दिसले की सोडू नयेत. त्यातल्या काहींच्या दुसऱ्या प्रती आता सहज मिळत नाहीत.

तिथे घेताना डिस्क उलटी करून उजेडाकडे तिरकी धरावी. कारखान्यात छापलेली डीव्हीडी खालून चांदीसारखी दिसते, घरी भाजलेली, म्हणजे संगणकावर उतरवलेली, बहुधा जांभळट. जांभळट म्हणजे नक्कल, असा बाजारातला ठोकताळा आहे आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. अपवाद एक लक्षात ठेवावा: वॉर्नर आर्काइव्हने २००९ पासून मागणीनुसार भाजून दिलेल्या डीव्हीडी अधिकृत असूनही खालून तशाच दिसतात. मधल्या छिद्राभोवतीच्या पारदर्शक कड्यावर बारीक कोरलेली अक्षरे आहेत का तेही पाहावे. मधून कडेकडे जाणाऱ्या लांब, सरळ ओरखड्याची फार भीती बाळगू नये. केंद्राभोवती गोल फिरणारा ओरखडा मात्र वाईट, कारण तो वाचणाऱ्या किरणाच्या वाटेवर सलग येतो.

पार्सल आले की फोडताना मोबाइलवर चित्रीकरण करावे, आवरणावरचा पत्ता दिसेल असे. एकदा परदेशातून आलेल्या सात डिस्कच्या संचात दोन डिस्क खाचेतून सुटून आत घरंगळत आल्या होत्या आणि एकीवर चंद्रकोरीसारखा चरा उठला होता. विक्रेत्याने आधी हात झटकले; चित्रीकरण पाठवल्यावर तीन आठवड्यांत बदली संच आला. पहिल्या आठवड्यात प्रत्येक डिस्क सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी लावून पाहावी. परत करण्याची मुदत संपल्यावर चित्रपट सव्वा तासावर अडखळला, तर दाद मागायला कोणी उरत नाही.

टीव्ही शांत करावा

नवा टीव्ही घरी येतो तो दुकानातल्या झगमगाटासाठी सजवलेला. सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करावी. तिच्यामुळे १९४० सालचा चित्रपट काल संध्याकाळी चित्रित केलेल्या मालिकेसारखा दिसतो. ‘फिल्ममेकर मोड’ किंवा ‘सिनेमा’ निवडावा, धार वाढवणारी पट्टी शून्याच्या जवळ आणावी आणि चित्र कडांना छाटले जात नाही ना ते पाहावे. मग पडद्यावर बारीक कण वळवळताना दिसतील. घरातले म्हणतील, चित्र खराब आहे. ते कण फिल्मचेच आहेत. ते पुसून काढलेल्या डिस्कवर चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे दिसतात. आवाजासाठी डिस्कवर मूळ मोनो आणि नवा पाच-सहा स्पीकरचा असे दोन पर्याय असतील, तर जुन्या चित्रपटाला मूळ मोनो लावावा.

पावसाळा आणि कपाट

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात डिस्कचा शत्रू ओरखडा नव्हे, बुरशी. जून ते सप्टेंबरमध्ये बंद कपाटातल्या डिस्कच्या पृष्ठभागावर झाडाच्या मुळांसारख्या बारीक पांढऱ्या रेषा पसरतात, आणि कागदी पुस्तिकांना तर त्याआधीच वास येऊ लागतो. कपाट बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नये. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात दर महिन्याला बदलाव्यात. डिस्क तिच्या पेटीत उभी ठेवावी, एकीवर एक रचून ठेवू नये, आणि कागदाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात कोंबू नये.

धुवायची वेळ आली, तर कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रवसाबणाचा एक थेंब घालून, मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी. वर्तुळात कधीही नाही. डिस्कवर पॉलिश मारून ओरखडे काढणारे यंत्र डीव्हीडीला चालते, कारण डीव्हीडीत माहितीचा थर प्लॅस्टिकच्या मधोमध, पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो. ब्लू-रेत तो अवघा ०.१ मिलिमीटर आत असतो आणि त्यावर कठीण लेप असतो. तिथे यंत्र लावलेत, तर चित्रपट घासून टाकाल.

बसून बोलणे

घरी संग्रह असणे आणि त्यावर बोलणारी चार माणसे असणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की खरी मजा येते. आपल्याकडे ही परंपरा आहे: मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चालते, आणि पुण्यात १९६४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे दोन-तीन पिढ्यांना परदेशी चित्रपट पडद्यावर पाहायला मिळाले. घरची बैठक त्याहून लहान असावी, सहा ते आठ जणांची. डिस्क घरगुती पाहण्यासाठी विकलेली असते, हेही ध्यानात ठेवावे. सोसायटीच्या सभागृहात फलक लावून खेळ करायचा असेल, तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते.

बैठकीच्या निरोपातच प्रत कळवावी: प्रकाशक, वर्ष, लांबी. आधी कोणी घरी पाहून येणार असेल, तर त्याने कोणती पाहिली तेही विचारून घ्यावे. चित्रपट मूळ भाषेतच लावावा. त्यानंतर लगेच ‘आवडला का’ हा प्रश्न विचारला, तर हो-नाहीत चर्चा संपते. त्याऐवजी चहा होईपर्यंत प्रत्येकाने डोळ्यांसमोर राहिलेला एकच प्रसंग सांगावा, मग त्यातला एक निवडून डिस्कवर पुन्हा लावावा आणि आवाज बंद करून दुसऱ्यांदा पाहावा. खुर्ची कुठे आहे, दार कोण बंद करते, कॅमेरा कोणाबरोबर हलतो आणि कोणाला सोडतो, हे तेव्हा दिसू लागते. अभ्यासकाचे निवेदन डिस्कवर असेल, तर ते चर्चेनंतर ऐकावे. आधी ऐकले, तर सगळे तेच बोलतात.

मराठी प्रेक्षकाला सबटायटलच्या बाबतीत एक फायदा आहे, तो वापरावा. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळ्यांना एकच सर्वनाम असते, पण फ्रेंच पात्रे ‘व्हू’वरून ‘त्यू’वर येतात, जर्मन पात्रे ‘झी’वरून ‘दू’वर, आणि आपल्याला ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणे म्हणजे काय हे कोणी समजावून सांगायला नको. इंग्रजी ओळ वाचता वाचता कान या दोन शब्दांकडे ठेवले, तर प्रेम जमले कधी किंवा अपमान झाला कधी, याचा नेमका क्षण सापडतो. जपानी चित्रपटात मुलीचे वडिलांशी बोलणे इंग्रजीत सपाट होते. तीच वाक्ये मराठीत कशी येतील हे आम्ही एकदा कागदावर लिहून पाहिले, आणि ‘बाबा, तुम्ही’ की ‘बाबा, तू’ यावरच पाऊण तास गेला. सबटायटलही आवृत्तीनुसार बदलतात, म्हणून वाद झाला तर दोन डिस्कच्या ओळी शेजारी लिहून पाहाव्यात.

आमच्या बैठकीत सर्वांत मोठे भांडण हाँगकाँगचे दिग्दर्शक वाँग कार-वाय यांच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’वरून झाले. एकजण ठासून सांगत होता की त्यातले लाल रंग ऊबदार आहेत. दुसरी म्हणत होती की सगळ्या चित्रपटावर हिरवट झाक आहे आणि तीमुळेच तो उदास वाटतो. अर्ध्या तासाने लक्षात आले की त्याने क्रायटेरियनची २०१२ ची ब्लू-रे पाहिली होती आणि तिने २०२१ च्या संचातली, जिच्यासाठी दिग्दर्शकाने स्वतः रंग नव्याने ठरवले. त्याच संचात ‘फॉलन एंजल्स’ची चौकटही त्यांनी रुंद पडद्याची केली आहे. मग प्रश्न बदलला आणि अधिक चांगला झाला: वीस वर्षांनी दिग्दर्शकाने रंग बदलले, तर खरा चित्रपट कोणता, तेव्हाच्या प्रेक्षकांनी पाहिलेला की आताच्या त्याला हवा असलेला? मी जुन्या प्रतीच्या बाजूचा आहे. निम्मी बैठक माझ्याविरुद्ध गेली.

वही

शेवटची पायरी किरकोळ वाटते, पण ती पहिल्या डिस्कपासून करावी. संगणकावर तक्ता असो वा रेघांची वही, रकाने असे ठेवावेत: चित्रपट, दिग्दर्शक, वर्ष, देश, प्रकाशक, प्रत कशावरून घेतली, लांबी, चौकटीचे प्रमाण, विभाग, किंमत, शेवटचे कधी तपासले, आणि शेवटी ‘कोणाकडे’. पहिले रकाने एकाच डिस्कवर दोनदा पैसे घालण्यापासून वाचवतात. मी ते सुरू करण्यापूर्वी एक हंगेरियन चित्रपट दोनदा घेतला होता. ‘शेवटचे कधी तपासले’ यात दर दोन-तीन वर्षांनी तारीख पडावी. ‘कोणाकडे’ हा रकाना भरताना संकोच करू नये, उसनी देतानाच घेणाऱ्यासमोर लिहावे. माझ्या वहीत एका चेक चित्रपटापुढे २०१८ पासून एका मित्राचे नाव आहे. तो आता कॅनडात असतो, आणि डिस्क त्याच्याबरोबर गेली की डोंबिवलीच्या घराच्या माळ्यावर आहे, हे त्यालाही नक्की सांगता येत नाही.